पंप परत मिळणार नाही

ता. १७ फेब्रुवारी

तीर्थरूप दादा,

नमस्कार. एरवी वाकून करतो, या वेळी उभ्या-उभ्याच केलाय, चालवून घे. वहिनीला मात्र वाकून. इकडे मी ठीक. तिकडेही सगळं ठीक असेल असं धरून चालतो, कारण तुझ्या पत्रात घरची खबर म्हणून एक ओळ नाही. शिव्या मात्र कागदाच्या दोन्ही बाजूंनी.

चोर? दादा, मी चोर? काकांच्या पोरांपैकी कुणी म्हणालं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण तू? तू मला लिहितोस, 'चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या.' जामदारखाना म्हणजे काय ते तुला तरी ठाऊक आहे का? मला नव्हतं. आमच्या मास्तरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'खजिना रे. कोण म्हणालं?' मी म्हणालो, 'एक फ्रिज दुरुस्त करणारा.' त्या खूप हसल्या. मी नाही हसलो.

नीट ऐक. पंप इथेच आहे. विकलेला नाही, गहाण टाकलेला नाही, कुणाला वापरायला दिलेला नाही. जिन्याखालच्या कपाटात गोणपाटात गुंडाळून ठेवलाय आणि कुलपाची किल्ली काकूंच्या कमरेला. पण तो तुला परत मिळणार नाही. त्याच्या बदल्यात नवा मिळेल, तेवढ्याच ताकदीचा, मास्तरांनी तसं कबूल केलंय. उन्हाळा तोंडावर आलाय, लोकांचे फ्रिज आता धडाधड बंद पडतील, हे काय मला कळत नाही? नळीतली हवा काढल्याशिवाय गॅस भरता येत नाही आणि पंपाशिवाय हवा निघत नाही, हे तूच शिकवलंस. म्हणून तर म्हणतो, नवा घे आणि जुन्याचं नाव सोड.

आता पहिल्यापासून सांगतो, कारण दुकानाच्या पायरीवर बसून तुझा चहा पिणाऱ्या मंडळींना तू काय सांगत असशील ते मला इथे बसून ऐकू येतं.

आमचे मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शाळेतल्यांचं आणि माझं सहावीतच फाटलं, ते तुला माहीतच आहे. हे फोटो काढतात, पण फोटोचा सगळ्यात जुना प्रकार. डॅगेरोटाइप म्हणतात त्याला. नाव ऐकून मला आधी वाटलं टाइपरायटरचं दुकान असेल. फिल्म नाही, कागद नाही. तांब्याचा पत्रा, त्यावर चांदी. ती घासून घासून आरसा करायची, हे माझं काम. त्यात बघून मी भांग पाडतो. मग तिला आयोडीनची धुरी द्यायची, कॅमेऱ्यात घालायची आणि समोर माणसाला दगडासारखं बसवायचं. पत्रा बाहेर काढला की त्यावर काही म्हणजे काही नसतं. पाऱ्याची वाफ लागली की मगच त्यातून माणूस वर येतो. एका पत्र्यावर एकच फोटो, दुसरी प्रत नाही.

आजवर मास्तर लोखंडी पेटीत पाऱ्याची वाटी ठेवून खाली दिवा लावायचे. खिडक्या सताड उघड्या. तरी व्हायचं ते झालंच. सही करताना त्यांचा हात नाचायला लागला, तेव्हा काकूंनी ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, 'या घरात एक तर पाऱ्याची वाफ राहील, नाहीतर तुम्ही.' मास्तर म्हणाले, विचार करून सांगतो. काकू अजून ते काढून बोलतात. 'विचार करून! आणि मी लग्नाला हो म्हणताना क्षणभर तरी विचार केला होता का?'

मग कुणीतरी मास्तरांना सांगितलं की पेटीतली हवा काढून घेतली तर पारा तापवावाच लागत नाही. पारा गार असतानाही थोडाथोडा उडत असतो, फक्त मधल्या हवेत अडखळतो. हवा काढली की सरळ पत्र्यापाशी पोचतो. दिवा नको, पेटी बंदच्या बंद. आता हवा काढायची कशाने?

आधी हातपंप आणला. मी ओढून ओढून घामाघूम, आणि मोजायच्या तबकडीवरचा काटा जागचा हलेना. मास्तर म्हणतात, 'दम आहे की नाही?' म्हटलं, 'मला आहे, पंपाला नाही.' मग एक विक्रेता आला, गुळगुळीत कागदावरची चित्रं घेऊन. एक पंप रबरी पडद्याचा, कोरडा, तेल लागत नाही, पण ओढ जरा कमी. दुसरा तेलाचा, म्हणजे तुझ्यासारखा. विक्रेता म्हणाला, 'तेलाचाच घ्या साहेब. असा खोल ओढतो की विहिरीला घाम फुटेल.' मास्तर घोटाळले आणि माझ्याकडे वळले. 'काय रे, तुझा भाऊ फ्रिजवाला ना? हवा काढणं हा तर त्याचा धंदाच.'

दादा, मी असा फुललो म्हणतोस! घर सोडून आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्या माणसाची अक्कल मागत होतं. लगेच तुला लिहिलं. आणि तू नुसती अक्कल पाठवली नाहीस, स्वतःचा पंपच पाठवलास, थंडीत कामं कमी असतात म्हणून. गोणपाटावर खडूने लिहिलं होतंस, 'सांभाळून. हा माझ्या भावापेक्षा कामाचा आहे.' मास्तरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. धर्माच्या गाईचे दात कोण मोजतो? विक्रेत्याला चहा पाजून वाटेला लावला.

पुढचं लांबण आहे. एवढंच की शेवटी आम्ही पडद्याचा कोरडा पंप घेतला. तुझा आमच्या कामाचा ठरला नाही. यात तुझा अपमान नाही, पंपाचा दोष नाही. नवा आला की कळवतो. आणि तो शब्द मागे घे. लेखी घे, कारण लेखी दिला होतास.

वहिनीची तब्येत कशी आहे ते कुणीतरी कळवा. मी काही परका नाही.

तुझ्यावर चिडलेला आणि तरीही तुझाच,
भिंगरी


ता. ६ मार्च

दादा,

'तीर्थरूप' आज गाळलंय, मुद्दाम.

तुझं उत्तर मिळालं, जर त्याला उत्तर म्हणायचं असेल तर. बिलाच्या पाठीवर दोन ओळी. 'नवा नको. माझाच पाठव. कामाचा नाही म्हणतोस, मग ठेवून घेऊन काय पूजा करतोस?' फोन करावा तर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस. आणि तुझ्या ओळींखाली वहिनीच्या बारीक अक्षरात, 'भाऊजी, द्या ना तो पंप. नाक्यावरच्या टकल्याकडे यांना रोज मागायला जावं लागतं आणि तो रोज दुकानभर गिऱ्हाइकांसमोर विचारतो, तुमचा कुठे गेला म्हणून. घरी येऊन जेवत नाहीत. मला सातवा लागलाय, आता घरात जरा शांतता हवी.'

सातवा! आणि हे मला बिलाच्या पाठीवर कळतं? दुसऱ्याचा कंप्रेसर जळला तर अख्ख्या गल्लीला सांगत फिरतोस आणि घरात पाळणा हलणार ते सख्ख्या भावाला सांगायला तुला जागा मिळाली नाही? बाकी लिहायच्या आधी मी दहा वेळा जिना उतरलो आणि चढलो. काकू म्हणाल्या, 'अरे बस की एका जागी, जिना झिजेल.'

आता ते पोर येणार म्हणून सांगतो, जे मला सांगायचं नव्हतं.

तुझा पंप आम्ही चालवला होता. चांगला चालवला. पेटी जाड लोखंडाची, बाजूला खालून आत बघायची काच, रबराची नळी, आणि नळीच्या टोकाला तुझा पंप. पहिला फोटो काकूंचा घेतला. पत्रा पेटीत उलटा ठेवला, खाली पारा, आणि पंप सुरू केला. काचेतून बघत होतो. आधी नुसतं धुकं. मग कपाळ, मग चष्म्याची कड, मग दोन्ही ओठ घट्ट मिटलेले, कारण मास्तरांनी 'हलू नकोस' म्हटल्यावर काकूंना हसू दाबायचं होतं. ते दाबलेलं हसूसुद्धा आलं, दादा. दिव्यावर केलेल्या फोटोत असं कधी आलं नव्हतं. मास्तरांनी तुझ्या पंपाच्या पाठीवर थाप मारली, बैलाला मारतात तशी. मी म्हणालो, 'माझ्या भावाचा आहे.' म्हणजे तुझं नाव तेव्हा या घरात काय होतं ते बघ.

पुढे थंडीभर तसंच काम केलं. मग डॉक्टरांनी प्रयोगशाळेतल्या एक बाई पाठवल्या, घरातली हवा तपासायला. बुटक्या, चपला दाराबाहेर काढून आल्या, हातात एक यंत्र, त्याला काटा. मास्तर त्यांना ऐटीत सगळं दाखवत होते. पाऱ्याच्या बाटलीपाशी काटा जेमतेम हलला. पेटीपाशी त्याहून कमी. मास्तर माझ्याकडे बघून डोळे मिचकावतात, बघ म्हणून. मग बाई तुझ्या पंपाजवळ गेल्या, त्याच्या तोंडापाशी यंत्र धरलं आणि काटा असा उडाला की त्यांनी यंत्र हातावर आपटून पाहिलं, बिघडलं की काय म्हणून.

'याच्या तोंडातून काय बाहेर पडतं?' त्यांनी विचारलं.

मास्तर म्हणाले, 'हवा.'

'आणि हवेबरोबर?'

मास्तरांनी हात लांब करून पंप बंद केला. तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय ते निवलेलं नाही. तो विक्रेता, मास्तर, तू, मी, आपण सगळे तासन्‌तास बोललो की कोणता पंप किती खोल ओढतो. जो ओढतो तो कुठेतरी थुंकणारच ना? हे एकाला सुचू नये? विक्रेत्याने म्हणे 'तेल बदलत राहा, बाकी बघायला नको' असं सांगितलं होतं. बघायला नको! त्याच्या घरी नाही ना तो चालवायचा! मी त्याला गाठायला दुकानापर्यंत गेलो. काउंटरवर हात आपटला. तो म्हणतो, 'आम्ही पंप विकतो, तुम्ही त्यात काय ओढता ते तुमचं तुम्ही बघायचं.' आणि वर मला पाणी विचारलं. मास्तरांनी येऊन मला बाहेर काढलं नसतं तर मी आज तुला कोठडीतून लिहीत असतो आणि मग चोर म्हणायला तुला पुरावाच मिळाला असता.

बाईंनी सांगितलं की पेटीला एवढी खोल ओढ लागतच नाही, कोरड्या पंपाची पुरते. पेटी आणि पंप यांच्यामध्ये औषध लावलेल्या कोळशाची बरणी बसवायची, म्हणजे पारा तिथेच अडकतो. शिवाय पंपाच्या तोंडाला नळी लावून ती छपराच्या वर काढायची. आता तसंच केलंय. मास्तरांचं काम सुरू आहे.

आता तुझ्या पंपाचं ऐक. त्याचं तेल आम्ही सोडलं तर ते करडं निघालं आणि तळाशी मोहरीएवढे चकचकीत थेंब. तू म्हणशील, 'त्यात काय, रॉकेलने धुऊन घेतो.' म्हणशीलच. बाईंना मी तेच विचारलं. त्या म्हणाल्या, धुऊन जात नाही, तो त्याच्या फटीफटीत शिरलाय, पंप तापला की पुन्हा बाहेर टाकणार. आणि मला तू माहीत आहेस. तू तेल सोडणार, दोन बोटांत चोळणार, नाकाशी नेणार, म्हणणार, 'अजून चालेल,' आणि फडक्यातून गाळून पुन्हा डब्यात भरणार. तेच फडकं स्वयंपाकघराच्या गजावर वाळत घालणार. दुकान आणि घर यांच्यामध्ये आपली एक भिंत, तिलाही दार. पंप दिवसभर तिथे चालणार, वहिनी पलीकडे बसलेली, तिला सातवा. पारा पोटातल्या पोराला सगळ्यात आधी धरतो म्हणतात. आता सांग, पाठवू पंप? गोणपाटावर खडूने काय लिहू?

म्हणून नाही पाठवत. म्हणून पूजा करतोय. आता बोल.

टकल्याला सांग, माझा पंप भावाने ठेवून घेतला आणि नवा धाडतोय. सांगताना मान खाली घालू नकोस.

पंपाबद्दल होतं ते एवढंच. बाकी काही नाही. मी ठणठणीत आहे. वहिनीला सांग, चिंचा-बिंचा काय हवं असेल ते तुझ्याकडून उकळून घ्यायची हीच वेळ आहे.

भिंगरी


ता. २२ मार्च

तीर्थरूप दादा,

नमस्कार, वाकून. वहिनीलाही.

हे पत्र भोंग्याच्या हाती देतोय. तो तुला तोंडी सांगेलच, आणि हा तुझा ट्रक ड्रायव्हर शिंकला तरी तीन गावांना ऐकू जातं, वर स्वतःचा मीठमसाला लावेल. म्हणून त्याने तोंड उघडायच्या आधी हे वाच. त्याला मी शपथ घातलीय की तू वाचेपर्यंत त्याने ट्रकमध्येच बसायचं. बसला नसेल तर त्याला बाहेर काढ आणि वाच.

तर तू त्याला पाठवलंस. मी एवढं सगळं लिहूनसुद्धा पाठवलंस. जिन्याखाली हॉर्न वाजवत उभा.

'ए भिंगऱ्या, आण बाहेर तो पंप. गाडी बंद केलेली नाही.'

'पंप नाही.'

'नाही म्हणजे?'

'नेला.'

'कुणी?'

'ज्यांनी न्यायला पाहिजे त्यांनी.'

'हे असं बोलतोस ना, म्हणून तुझा दादा म्हणतो, हा लहानपणापासून कहाण्या रचतो. पारा म्हणे! थर्मामीटरमध्ये असतो तो पारा, लोक तोंडात धरतात.'

पंप खरंच गेलाय. बाईंनी माणसं पाठवली होती. हातमोजे घालून आले, त्यांनी तो गोणपाटासकट लोखंडी पिंपात घातला, झाकण ठोकलं, वर सील केलं. तेलाचा डबाही त्यातच. मी बघत उभा होतो. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली. कुणी हसलं नाही. आता तो परत मागायला तुला कुणाकडे जाताच येणार नाही आणि या एका गोष्टीने मला बरं वाटतंय.

नवा पंप भोंग्याच्या ट्रकमध्ये चढवलाय. मास्तरांनी शब्द पाळला. कोरा आहे, पाऱ्याचं तोंडसुद्धा न बघितलेला, दुकानातून थेट ट्रकमध्ये, आमच्या जिन्याची पायरीही त्याला लागू दिलेली नाही. तू आधी नाक मुरडशील, आवाज पातळ आहे म्हणशील. आठ दिवस चालव, मग बोल.

भोंग्याने तो बघितला आणि तरी म्हणाला, 'हे ठीक. पण दादाने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पंप नाही दिला तर भावाला घाल गाडीत. चल. वहिनीने पुढच्या सीटवर तुझ्यासाठी उशी ठेवलीय. आणि म्हणालीय, बारसं काकाशिवाय करायचं नाही.'

मी म्हणालो, 'इथे काम आहे.' तो म्हणाला, 'काम कसलं, मी आलो तेव्हा बाकावर पाय हलवत बसला होतास.' आणि जिना चढून, खुंटीवरची माझी पिशवी उचलायला हात घातला. मी ओरडलो, 'पिशवीला हात लावू नकोस!' असा ओरडलो की मास्तर आतून धावत आले.

'काय ठेवलंयस त्यात, सोनं?' भोंगा म्हणतो. 'म्हणजे दादा म्हणतो ते खरं तर.'

मी तेव्हाही सांगणार नव्हतो. काकू मध्ये पडल्या. 'अहो, त्याला नेऊ नका. तुमच्याकडे बाळ यायचंय. या पोराच्या अंगात ह्यांच्यापेक्षा जास्त पारा निघालाय.'

भोंग्याचा भोंगा बंद पडलेला मी जन्मात पहिल्यांदा बघितला. तो पायरीवर बसला तो बसलाच.

तर ते असं आहे, दादा. काकूंवर मी अजून चिडलेलो आहे. भोंग्यावर चिडलोय, तुझ्यावर तर विचारूच नकोस. तुम्ही सगळ्यांनी मिळून हे माझ्या तोंडून काढलंत. चोर म्हणालास, म्हणवून घेतलं. टकल्यासमोर तुझी मान खाली गेली, जाऊ दिली. एवढं सगळं गिळलं ते कशासाठी, तर हे एक तुला कळू नये म्हणून. आणि तू गप्प बसायला तयार नाहीस!

कामाच्या खोलीत पंपाला जागा नव्हती आणि आवाजाने मास्तरांचं लक्ष उडायचं. मीच म्हणालो, माझ्या खोलीत ठेवा. भिंतीला भोक पाडून नळी पलीकडे घेतली. माझी खोली म्हणजे काय, एक खाट आणि एक खुंटी. खिडकी नाही. पंप खाटेच्या डोक्याशी. मला कुणी सांगितलं नव्हतं, दादा, मी मागून घेतला. तो लागला की दुकानाच्या मागच्या खोलीतला आवाज यायचा, तोच तुझ्या पंपाचा, जो ऐकत मी लहानपणी झोपायचो आणि तू मला उचलून आत न्यायचास. इथे आल्यापासून मला झोप अशी लागत नव्हती. त्या थंडीत लागली.

तेलही मीच बदलत होतो. तू शिकवलंस तसं. दोन बोटांत चोळून, नाकाशी नेऊन.

हवा तपासली त्या दिवशी बाईंनी सगळ्यांची लघवी तपासायला नेली. मास्तरांचा पाऱ्याचा आकडा उतरला होता, माझा त्यांच्या जुन्या आकड्याहून वर. बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, हात थरथरतो का? म्हटलं, कधीकधी. झोप? म्हटलं, येत नाही आता. राग येतो का फार, उगाचच? म्हणाल्या, तेही पाऱ्याचंच लक्षण आहे. मी म्हणालो, 'नाही हो बाई, तो आमचा खानदानी आहे, माझ्या भावाला भेटा.' त्या हसल्या. मग म्हणाल्या, तरी गोळ्या घ्या.

गोळ्या घेतोय. खोली बदललीय, आता गच्चीकडच्या उजेडाच्या खोलीत आहे. चांदी घासायचं काम बंद, कारण पत्र्यावर ओरखडे उठायला लागले. मास्तरांनी दुसरा घासणारा बघितला नाही, स्वतःच घासतात. मला येणाऱ्या लोकांना बसवायचं, मान सरळ करायची, 'हलू नका' म्हणायचं काम दिलंय. मी! मी लोकांना 'हलू नका' म्हणतो. हस खुशाल. आकडा उतरेल असं बाई म्हणतात, वेळ लागेल, पण उतरेल. खोटं नाही सांगत. खोटं सांगायचं असतं तर मागच्या पत्रात लिहिलं तेच पुन्हा लिहिलं असतं, ठणठणीत.

आता तू काय करशील ते मला इथून दिसतंय. दुकानाचं दार अर्धं ओढशील आणि डोक्याला हात लावून बसशील. 'माझ्या पंपाने माझ्या भावाला.' हेच म्हणशील. म्हणूनच सांगत नव्हतो. तर आता माझं ऐक, धाकट्याचं एकदा तरी ऐक. तुझ्या पंपाने काही केलेलं नाही. तुला काय माहीत होतं? तुला विचारलं, हवा कशाने काढू, तू तुझ्याकडची सगळ्यात चांगली वस्तू काढून दिलीस. दुसऱ्या कुणाचा भाऊ देतो? रागवायचं तर त्या विक्रेत्यावर रागव, मास्तरांवर रागव, ते स्वतःच सांगतात रागवा म्हणून, हवं तर माझ्यावर रागव. स्वतःवर रागावलास तर मी पुन्हा तुला काही सांगणार नाही, शपथ. आणि नवा पंप आजच्या आज लाव. पहिला फ्रिज टकल्याच्या गिऱ्हाइकाचा घे.

मी बारशाला येणार नाही. वहिनीला नीट सांग, रुसून नाही. बाई म्हणतात, त्या खोलीतले कपडे, अंथरूण, पिशवी यातलं काहीही तान्ह्या बाळाच्या घरात जाता कामा नये. ते सगळं त्यांच्या माणसांना द्यायचंय, नवं येईपर्यंत थोडं अडलंय. मी स्वतः आलो तर चालेल का, ते त्या अजून सांगत नाहीत. 'बघू' म्हणतात. 'बघू' वर मी त्या पोराला उचलणार नाही. वहिनीची उशी भोंग्याबरोबर परत पाठवतोय, मी तिला हातसुद्धा लावलेला नाही.

तर मी येत नाही. तू ये.

पंपासाठी नको, मला न्यायला नको. असाच ये. वर येऊ नकोस, खाली रस्त्यावर उभा राहा आणि हाक मार. मी आंघोळ करून, मास्तरांचे धुतलेले कपडे घालून खाली येईन. मग काय बोलायचं ते बोल. तो शब्द मागे घ्यायचा तर घे, नाही घेतलास तरी मी आता मागणार नाही. आणि कानाखाली वाजवायची असेल, एवढे दिवस लपवलं म्हणून, तर वाजव, मी तोंड फिरवणार नाही. फक्त मला हात लावलास तर घरी गेल्यावर बाळाला घ्यायच्या आधी ते धू. साबणाने, दादा. कोपरापर्यंत.

वाट बघणारा, खालच्या पायरीपर्यंतच येऊ शकणारा,
तुझा भिंगरी